चुलीचा धूर कोणत्या विषयात मोडतो?

पत्र थोडक्यात असे: पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करून मी गेल्या वर्षी पीएच. डी.साठी नोंदणी केली. आमचे गाव जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराकडेला आहे. घरात गॅस आहे, तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. आईला कित्येक वर्षे खोकला आहे. तिने आयुष्यात कधी विडी ओढलेली नाही. मला चुलीच्या धुरावर काम करायचे आहे. धुराचे मोजमाप, बायकांच्या फुप्फुसांची तपासणी, चांगल्या चुलीची रचना आणि आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्यांमधली चूल, असे चारही भाग मी आराखड्यात घातले होते. समितीपुढे मांडल्यावर ‘हा नेमका कोणत्या विभागाचा प्रबंध?’ असे विचारले गेले. एका सदस्यांनी ओव्या वगळा, म्हणजे काम शास्त्रीय होईल, असे सुचवले. मार्गदर्शक म्हणतात, एकच काहीतरी धर. मी काय सोडू?

उत्तर

समितीचा प्रश्न तुमच्या जिव्हारी लागला आहे, हे पत्रावरून कळते. तरीही तो प्रश्न रास्त होता, हे आधी सांगायला हवे. चूक होती ती त्यावर सुचवलेल्या उपायात. प्रबंध कुणीतरी तपासायचा असतो आणि तपासणाऱ्याच्या विषयात पुरावा कशाला म्हणायचे याची एक रीत ठरलेली असते. चुलीची रचना करणाऱ्या अभियंत्याला एक किलो सरपणाची किती उष्णता भांड्यातल्या पाण्यात उतरली हे दाखवावे लागते, छातीच्या डॉक्टरांना फुंकरीचा आलेख दाखवावा लागतो, पर्यावरण-आरोग्याच्या अभ्यासकाला किती धूर, किती वेळ आणि कुणाच्या नाकाशी हे सांगावे लागते, तर लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ती ओवी कुणी, कुठे आणि कोणत्या प्रसंगी म्हटली याची नोंद द्यावी लागते. या चारही कसोट्यांना उतरेल असे काम एकट्या माणसाकडून तीन ते सहा वर्षांत होत नाही, आणि तसे करू गेल्यास चारही परीक्षकांना आपापला भाग कच्चा वाटतो. म्हणून ‘काय सोडू’ याचे माझे उत्तर असे आहे की विषय एकही सोडू नका, प्रश्न सोडा. तुमच्या आराखड्यात आज चार विषयांचे चार प्रश्न आहेत. त्यांतला एक ठेवा आणि चारही विषयांना त्या एकाच्या कामाला लावा.

तो प्रश्न तुमच्या पत्रात आहेच. गावाची ओळख करून देताना तुमच्या हातून तो सहज लिहिला गेला आहे. ‘घरात गॅस आहे, तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते.’ मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आजवर दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. जोडणी घरात आली की चूल विझते, असे मात्र झालेले नाही. गॅस आल्यावर चुलीवर काय उरते, का उरते, आणि त्या उरलेल्या चुलीचा किती धूर कुणाच्या वाट्याला येतो, हा एक सलग प्रश्न आहे. तो पर्यावरण-आरोग्याच्या घरात राहील, म्हणजे तुमच्या विभागालाही तो परका वाटणार नाही. जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि साहित्य यांचे काम मग ठरून जाते: यातल्या कोणत्या शब्दाचे उत्तर त्यांच्याशिवाय मिळत नाही, तेवढेच त्यांना विचारायचे.

हे कसे घडते याची दोन जुनी उदाहरणे तुमच्या पहिल्या प्रकरणात यायलाच हवीत. दिल्लीत हृदयरोगाचे काम करणाऱ्या डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येणाऱ्या रुग्णांवर लेख प्रसिद्ध केला. बाहेरच्या देशांत हा आजार मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. दिल्लीत तो बायकांतही तितकाच दिसत होता आणि त्यांच्यात ओढणाऱ्या फारच थोड्या होत्या. त्यांचे लक्ष स्वयंपाकघरातल्या धुराकडे गेले. त्यांनी चूल बांधायला घेतली नाही की धूर मोजायला यंत्र आणले नाही. आपल्या विषयात राहून, आपल्याच रुग्णांच्या नोंदींतून त्यांनी पुढच्यांसाठी प्रश्न ठेवला. दुसरे उदाहरण पर्यावरण-आरोग्याचे अभ्यासक कर्क स्मिथ यांचे. गुजरातमधल्या चार गावांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच धूर मोजणारी उपकरणे लावली, आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजमापात स्वयंपाकाच्या वेळचा धूर घनमीटरला सरासरी सात मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. आकड्याइतकेच महत्त्व उपकरण कुठे लावले याला आहे. खोलीत किती धूर आहे आणि बाईच्या श्वासात किती जातो हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या कामाने ठसवले.

आता अभियांत्रिकी. १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि पुढच्या वीस वर्षांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या. त्यातल्या किती टिकल्या हे तुमच्या आजीच्या वयाच्या कोणालाही विचारा. चूल प्रयोगशाळेत पाणी उकळून तपासली जाते, ठरावीक आकाराच्या कोरड्या लाकडावर, एका भांड्याखाली. आणि घरात ती पावसाळ्यातल्या ओल्या काटक्यांवर, गोवऱ्यांवर, तुराट्यांवर चालते. ओल्या सरपणाची बरीच उष्णता त्यातले पाणी घालवण्यात जाते, आच थंड राहते, लाकडातून निघालेले वायू पुरते जळत नाहीत आणि तेच धूर होऊन बाहेर पडतात. धुराडे लावले तर धूर जळत नाही, फक्त जागा बदलतो. धुराड्यात काजळी साचली की तोही परत फिरतो. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात अशाच सुधारित चुलींचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षी कमी झालेला धूर पुढे पूर्ववत झालेला आढळला, कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही. त्यांचा लेख २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. तो मुळातून वाचा.

आपल्याकडचे एक कारण मात्र त्या आकड्यांत सापडत नाही, ते चुलीसमोर बसूनच दिसते. भाकरी थापून तव्यावर टाकतात, वरून पाण्याचा हात फिरवतात, पालटतात, आणि दुसरी बाजू झाली की तवा उतरवत नाहीत. भाकरी काढून चुलीच्या तोंडाशी पुढे ओढलेल्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, जळत्या लाकडाच्या अंगाला टेकवून उभी करतात. तिथे तिला पदर सुटतो, ती फुगते, आणि तोवर तव्यावर दुसरी पडलेली असते. मागे वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, आमटी आधणाला आलेली असते. एका आचेवर तीन कामे चालतात आणि हाताची लय लागलेली असते. ज्या सुधारित चुलीचे तोंड अरुंद करून आत जाळी बसवली, तिथे आर पुढे ओढायला जागा उरली नाही. अभियंत्याच्या दृष्टीने ते तोंड अरुंद असणे योग्यच होते, कारण गरजेपेक्षा जास्त थंड हवा आत गेली की आच मंदावते. बाईच्या दृष्टीने त्या चुलीवर भाकरी होत नव्हती. पुढे तोंड फोडून मोठे केले गेले आणि चूल पुन्हा पहिल्यासारखी झाली.

अंघोळीच्या पाण्याचे गणित याहून वेगळे आहे, आणि म्हणून या दोन कामांना एकाच कारणाच्या खाली घालू नका. पाच माणसांना प्रत्येकी वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायचे म्हटले, तर शेगडीवर वाया जाणारी उष्णता धरून रोज चारशे ते पाचशे ग्रॅम गॅस लागतो, १४.२ किलोचे सिलिंडर साधारण महिन्याभरात निव्वळ अंघोळीवर संपेल. भाकरी चुलीवर राहते ती आराच्या सवयीमुळे आणि चवीमुळे, पाणी चुलीवर राहते ते पैशामुळे. पहिल्याला वेगळी चूल किंवा वेगळी शेगडी लागेल, दुसऱ्याला कदाचित सौर बंब पुरेल. इतकी अभियांत्रिकी तुमच्या प्रबंधाला हवी, आणि ती तुम्हाला जमेल. नवीन चुलीची रचना करण्याच्या फंदात पडू नका. ते दुसऱ्याचे आयुष्यभराचे काम आहे, आणि पुण्यातच ‘आरती’सारख्या संस्थेत त्यावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. तुमच्या नोंदी त्यांना दाखवा.

जीवशास्त्राच्या भागाबद्दल मला तुम्हाला थांबवायचे आहे. धुरातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या ओलाव्याला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत जातात, तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, आणि त्या पेशींत काळा कार्बन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने धरतो. हे सगळे इतरांनी दाखवले आहे. ते तुम्हाला पुन्हा सिद्ध करायचे नाही, नीट समजून घेऊन वापरायचे आहे. शिवाय माणसांच्या तपासणीला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पाळावी लागतात, आणि एखाद्या बाईचे फुप्फुस कमजोर निघाले तर तिला पुढे कुठे पाठवायचे याची सोय आधी करावी लागते. ती सोय नसताना केलेली तपासणी मी चुकीची मानतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आत्ताच कळलेली बरी. ग्वातेमाला, पेरू, रवांडा आणि आपला तामिळनाडू इथे मिळून सुमारे ३२०० गरोदर बायकांवर ‘हापिन’ नावाचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना गॅस आणि लागेल तेवढी सिलिंडरे मोफत दिली. त्या बायकांच्या वाट्याचा बारीक कणांचा धूर मध्यकाने घनमीटरला सुमारे २४ मायक्रोग्रॅम भरला, उरलेल्या निम्म्या घरांत तो सुमारे ७१ होता. तरीही बाळांच्या जन्मवजनात ठोस फरक पडला नाही, आणि बाळांच्या न्यूमोनियातही नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वार्षिक मर्यादा पाचच मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे २४ हा आकडाही तिच्या जवळपास पाचपट होतो, आणि शेजारच्या चुलींचा, गल्लीतल्या कचऱ्याचा धूर गॅस असलेल्या घरातही येतोच. पण आईच्या खोकल्याचे कारण माहीत आहे अशा खात्रीने कामाला लागलेल्या संशोधकाला असा निकाल पचवणे जड जाते. उत्तर आधीच ठरवून मोजायला बसू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता ओव्यांकडे येतो, कारण माझे सगळ्यात ठाम मत इथेच आहे. ओव्या वगळल्या तर तुमचे काम अधिक शास्त्रीय होईल, हे मला मुळीच मान्य नाही. तुम्ही प्रश्नावली घेऊन गावात जाल. त्यातला पहिला प्रश्न बहुधा असा असेल: ‘तुमच्या घरात चुली किती?’ मराठीत घरात दोन चुली होणे म्हणजे घर फुटणे. चूल मांडणे म्हणजे संसार थाटणे, चूल वेगळी करणे म्हणजे भावाभावांनी वाटण्या करणे, आणि चूलबंद आमंत्रण म्हणजे त्या दिवशी त्या घरात आच पेटू नये असे सगळ्यांना बोलावणे. ओसरीवर सासरा बसलेला असताना ‘चुली किती’ असे विचारल्यावर कुठली सून ‘दोन’ म्हणेल? घरातली भाकरीची चूल आणि न्हाणीपुढची चूल अशा दोन असल्या तरी ती ‘एकच’ सांगेल, आणि तुमच्या तक्त्यात तो आकडा खरा म्हणून बसेल. हा दोष कोणत्याही सांख्यिकीने मागाहून निघत नाही. तो काढायला भाषा ऐकलेला माणूस लागतो, आणि ते तुम्ही आहात.

ओव्यांचा साठाही तुमच्या हाताशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आता वाचता आणि ऐकता येतात. त्यांत चूल, धूर, सरपण, मोळी, गोवऱ्या हे शब्द शोधा. जळणाची कोणकोणती नावे आहेत, मोळी कोण आणते, विस्तव शेजारून मागून आणण्याचा उल्लेख कुठे आहे, धुराच्या निमित्ताने डोळे पुसणारी कोणी भेटते का, हे पाहा. मात्र ओवी हा वैद्यकीय इतिहास नाही. ती आईकडून लेकीकडे आलेली असते, म्हणणारीचे वय आणि ओवीचे वय एक नसते, आणि ती जात्यावर, पहाटे, चूल पेटण्याच्याही आधी म्हटलेली असते. जात्यावर भाऊ, माहेर, विठ्ठल यांना जागा आहे; धुराला कमी जागा मिळाली असेल तर त्यावरून बायकांना धूर जाणवत नव्हता असे म्हणता येणार नाही. बहिणाबाई चौधरींच्या संसारावरच्या कवितेत चुलीवरचा तवा आहे, हाताला बसणारे चटकेही आहेत, पण धूर नाही. यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, याचा विचार साहित्याच्या शिस्तीनेच करावा लागेल. प्रकरणाच्या माथ्यावर शोभेसाठी एक ओवी टाकायची आणि पुढे आकडे मांडायचे, असे करणार असाल तर समितीच्या त्या सदस्यांचेच म्हणणे बरे.

मी स्वतः ही गोष्ट उशिरा शिकलो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मावळातल्या एका घरात मी धूर ओढून घेणारा पंप फळीवर ठेवला होता. त्यातला गाळणकागद आधी आणि नंतर वजन करायचा, फरक म्हणजे धूर, अशी ती पद्धत. तिसऱ्या दिवशी कागद जवळजवळ पांढराच निघाला. यंत्र बिघडले समजून मी ते परत न्यायला निघालो, तेव्हा घरातल्या आजींनी सांगितले की पाहुण्याची वस्तू काजळीने काळी होईल म्हणून चूल पेटवण्याआधी त्या तिच्यावर धुतलेले फडके घालत होत्या. त्यांनी माझ्या वस्तूची काळजी घेतली होती. ती कशासाठी ठेवली आहे, हे मी त्या घरात पुरुषांना सांगितले होते, त्यांना नाही.

म्हणून माझा प्रत्यक्ष सल्ला असा आहे की यंत्र नेण्याआधी एक महिना तीन घरांच्या स्वयंपाकघरांत नुसत्या जाऊन बसा. एक घर गॅस आणि चूल दोन्ही असलेले, एक फक्त चुलीचे, एक फक्त गॅसचे. पहाटे पहिली काडी कधी ओढली, कशावर काय शिजले, फुंकणी किती वेळा हातात घेतली, मूल कुठे बसले होते, दार उघडे होते की थंडीमुळे लावलेले, हे वहीत वेळेसह लिहा, आणि बाई जे शब्द वापरतील तेच शब्द लिहा. त्यांचे ‘धुपणे’ तुमच्या वहीत ‘अपूर्ण ज्वलन’ होता कामा नये. मग प्रश्नावली त्या शब्दांत करा. मग मोजमाप, तेही बाईच्या अंगावर, सबंध दिवसाचे, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. घरे थोडी घ्या, पण दोन्ही ऋतूंत तीच घ्या.

समितीपुढे पुन्हा जाल तेव्हा चार विषयांची यादी नेऊ नका. वरचा एक प्रश्न एका वाक्यात न्या, आणि त्यातल्या ‘का उरते’ या भागासाठी लोकसाहित्याचा सहमार्गदर्शक मागा. आंतरविद्याशाखीय कामासाठी विभागाबाहेरचा सहमार्गदर्शक नेमण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच. डी.च्या नियमांत आहे. ती दाखवायची वेळ आली तर नम्रपणे दाखवा. अभियंता आणि छातीचे डॉक्टर यांना सहमार्गदर्शक करू नका. त्यांना वर्षातून दोनदा भेटा, तुमचे प्रकरण वाचायला द्या, आणि ते जिथे ‘असे आमच्यात म्हणत नाहीत’ म्हणतील तिथे वाद न घालता आधी का ते समजून घ्या. तुमचे मार्गदर्शक ‘एकच धर’ म्हणतात ते तुमच्या भल्यासाठी म्हणतात. प्रश्न एकच धरलेला दिसला की ते तुमच्या बाजूने उभे राहतील, असे मला वाटते.

राहिली आई. तिला तुमच्या अभ्यासातल्या घरांत घेऊ नका, आणि प्रबंध पुरा होईपर्यंत थांबूही नका. या महिन्यातच तिला छातीच्या डॉक्टरांकडे न्या. जुन्नरच्या बाजूला सोय नसेल तर पुण्यात आणा. विडी कधी ओढली नाही हे ऐकून कोणी दमा म्हणून नुसता पंप लिहून देईल, तर चुलीपुढे किती वर्षे आणि रोज किती तास गेले हे तुम्ही सांगा, आणि स्पायरोमेट्री करायची विनंती करा. पूर्ण श्वास भरून जोरात फुंकायचे असते, त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. क्षयासाठी थुंकीची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या, कारण जुना खोकला धुराचाच असेल असे आपणही धरून चालू नये. आणि भाकरी चुलीवरच व्हायची असेल, तर पुढच्या पावसाळ्याचे सरपण आत्ताच पडवीत, पाणी लागणार नाही असे उंचावर रचून ठेवा. कोरड्या लाकडाचा धूर खूप कमी होतो, आणि त्यासाठी कोणत्याही समितीची परवानगी लागत नाही.